दोघांची वाटणी होत नाही

वाटणी हा शब्द आपल्या गावांतून जितक्या वेळा उच्चारला जातो तितका दुसरा शब्द क्वचितच उच्चारला जात असेल. वाडीची वाटणी होते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, नारळ मोजून दोन ढीग घातले जातात, एकाच घराच्या मधोमध भिंत उभी राहते आणि ओटीवर दोन दारे दिसू लागतात. त्यात गैर काही नाही. वाटणी वेळच्या वेळी आणि नीट झाली तर भावाभावांचे बोलणे टिकते. ती रखडली तर कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. तथापि ज्यांची वाटणी करू नये असेही या जगात काही असते. व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाच्या ते सहजासहजी ध्यानात येत नाही, कारण अर्धे-अर्धे केले की न्याय झाला अशी आपली समजूत असते. या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते दोन कुत्र्यांनी. धर्मगुरूने कुत्र्यांवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हकीकत शेवटपर्यंत वाचल्यावर ते ओसरेल, अशी आशा आहे.

आमचा धर्मग्राम वसई तालुक्यातला. चर्चच्या मागे कौलारू धर्मगुरुनिवास, त्याच्या मागे जुनी चिंच, मग दफनभूमी आणि दफनभूमीच्या कुंपणापलीकडे केळीच्या वाड्या. आवार मोठे, राखण करणारी माणसे थोडी. २०२३ च्या पावसाळ्यात दफनभूमीतील नळांच्या पितळी तोट्या दोनदा चोरीस गेल्या. तिसऱ्या खेपेस चोरट्यांनी विहिरीवरील पंपाची तारच कापून नेली. आमच्या सहायक धर्मगुरूंची जूनमध्ये बदली झालेली असल्यामुळे रात्री त्या निवासात आम्ही एकटेच. स्वयंपाक करणाऱ्या मावशीदेखील सातच्या सुमारास घरी जातात. धर्मग्रामाच्या पालक मंडळापुढे विषय आला तेव्हा एक कुत्रा पाळावा असे ठरले. ठरावातील शब्द तसाच होता, ‘एक कुत्रा’.

कोणी म्हणाले, अल्सेशियनचे पिल्लू विकत घ्यावे. मुंबईस पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी त्या दिवशी आईसोबत कचेरीत आली होती. ती म्हणाली, “फादर, विकत कशाला घेता? निवारा केंद्रात किती कुत्री घराची वाट पाहत असतात. आणि आपल्या देशी कुत्र्याला इकडचा उकाडा सोसतो. आखूड केस, काटक अंग. थंड मुलखातल्या दाट केसांच्या जनावराला इथं आणून धापा टाकायला लावणं बरं नव्हे.” तिचे म्हणणे आम्हांस पटले. सप्टेंबरमधील एका सोमवारी, पाऊस उघडलेला पाहून, आम्ही तिला आणि तिच्या वडिलांना बरोबर घेऊन महामार्गापासून थोड्या आत असलेल्या एका निवारा केंद्रात गेलो.

तेथील गोंगाट वर्णन करून सांगता येण्यासारखा नाही. शेवटच्या जाळीपाशी एक काळा कुत्रा दोन पाय टेकून उभा होता. सर्वांग काळे, गळ्यापाशी मात्र नेमका पांढरा पट्टा, जणू झगा घालून आणि कॉलर लावून कोणी मिस्सेला निघाला आहे. त्याच्या पाठीवरून उडी मारून एक तांबूस कुत्री पुढे आली. तिला ढकलून तो पुढे आला. त्याला ढकलून पुन्हा ती. दोघांच्या अंगात वारे शिरले होते. आम्ही काळ्याकडे बोट दाखविले. तेथे काम करणाऱ्या ताईंनी मान हलविली.

“फादर, तो एकटा मिळणार नाही. द्यायची तर ती दोघं एकत्र द्यायची, असं आमच्याकडं ठरलेलं आहे.”

कारण त्यांनी सविस्तर सांगितले. एका इमारतीच्या बांधकामावर रखवालदाराचे कुटुंब या दोघांना खाऊ घालीत असे. इमारत पुरी झाली, रखवालदार दुसऱ्या कामावर गेला, आणि ही दोन आठ-नऊ महिन्यांची पोरे बंद फाटकापाशी बसून राहिली. केंद्रात आल्यावर तांबूस कुत्रीला त्वचेचा विकार झाला, म्हणून तिला सहा दिवस वेगळे ठेवले. त्या सहा दिवसांत काळ्याने अन्नाला तोंड लावले नाही. जाळीच्या कडेने फेऱ्या घालून घालून त्याच्या पंज्यांच्या गाद्या सोलवटल्या. पुढे एका सज्जन कुटुंबाने एकट्या काळ्याला नेले. तो नवव्या दिवशी परत आला. तिकडे तो रात्रभर विव्हळत होता आणि इकडे ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या दिवसापासून दोघांच्या कार्डांवर तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला गेला, ‘जोडी’.

एका पिंजऱ्यात राहणारी सगळीच कुत्री अशी जोडी नसतात, हेही त्या ताईंनी आवर्जून सांगितले. पुढे त्या विद्यार्थिनीने आम्हांस यासंबंधीचे काही संशोधन वाचावयास दिले. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणापासून एकत्र वाढलेल्या कुत्र्यांना अनोळखी जागी नेले असता सोबत्यापेक्षा रोजच्या सांभाळणाऱ्या माणसाच्या जवळ असण्याने त्यांचा ताण अधिक उतरला, असे दिसून आले. म्हणजे सहवास आणि जिव्हाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे, २०१४ साली जपानमधील संशोधकांनी दाखविले की, माता आणि अर्भक यांच्या नात्यात ज्या ऑक्सिटोसिन नावाच्या द्रव्याचे कार्य असते, ते नाकावाटे दिल्यावर कुत्री आपल्या धन्याशी आणि आपल्या सोबतच्या कुत्र्याशीही अधिक लडिवाळपणे वागू लागतात. २०२२ साली इटलीत ४२६ लोकांकडून माहिती गोळा करण्यात आली. घरातील दोन कुत्र्यांपैकी एक मेल्यावर उरलेले कुत्रे कमी खेळते, माणसाला अधिक चिकटते, असे त्यांपैकी बहुतेकांचे निरीक्षण होते. ही साक्ष मालकांची आहे, तेव्हा तिला तेवढीच किंमत द्यावी. परंतु सहा दिवस उपाशी राहिलेल्या त्या काळ्या कुत्र्याची साक्ष आम्ही स्वतः त्याच्या पंज्यांवर पाहिली होती. व्रण अजून गेले नव्हते.

आम्ही ताईंकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि पालक मंडळाची बैठक बोलाविली. आमचे खजिनदार निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी वही उघडून हिशेब मांडला. एका कुत्र्याला औषधपाण्यासह महिन्याला दोन हजार, तर दोघांना चार. “फादर, कामाला एक पुरे आहे. दुसरा म्हणजे चैन.” दुसऱ्या एका सदस्याने पोप फ्रान्सिस यांच्या जानेवारी २०२२ मधील उद्गारांची आठवण करून दिली. मुले होऊ न देता त्यांच्या जागी कुत्री-मांजरे सांभाळण्याच्या वृत्तीविषयी पोपमहोदयांनी तेव्हा खंत व्यक्त केली होती. एका मातेने वेगळाच मुद्दा मांडला. तिच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरील कुत्रा चावला होता. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या दीडशे मुलांचे काय?

तिन्ही आक्षेप रास्त होते आणि तिघांनाही उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथात प्राण्यांविषयी काही परिच्छेद आहेत. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभा तेथे शिकविते. त्याच ठिकाणी ती असेही बजावते की, माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हावयास हवा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि जी माया माणसाची आहे ती प्राण्यांकडे वळवू नये. आम्ही मंडळापुढे दोन्ही बाजू ठेवल्या. धर्मग्रामाच्या तिजोरीतून आणि गरिबांच्या निधीतून कुत्र्यांसाठी एक पैसाही घेतला जाणार नाही; खर्च आम्ही आमच्या मानधनातून करू, हे लिहून दिले.

त्या मातेला आम्ही सांगितले की, दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस टोचलेली आहे, ती दरवर्षी टोचली जाईल, आणि मुलांच्या वर्गाच्या वेळी ती मागील आवारात फाटकाआड राहतील. सर्व कुटुंबांच्या माहितीसाठी येथेही नमूद करतो. कुत्रा चावला, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात. रेबीज एकदा जडला की उपाय जवळजवळ उरत नाही. वेळीच लस घेतली तर मात्र तो टळतो. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली तर तेथे रोगाची साखळी तुटते, असे शास्त्रज्ञ सांगतात. कुत्र्यांमुळे होणारा हा रोग २०३० पर्यंत हद्दपार करण्याची योजना भारत सरकारने २०२१ साली जाहीर केली आहे. रस्त्यावरील एखाद्या कुत्र्याच्या कानाला टोकाशी खाच दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. आमच्या दोघांच्याही कानांना ती खाच आहे.

बैठकीच्या शेवटी एक वृद्ध शिक्षिका म्हणाल्या, “बायबलमध्ये तोबियाबरोबरही कुत्रा होताच की.” त्यांचे स्मरण बरोबर होते. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया राफाएल देवदूतासोबत दूरच्या प्रवासास निघतो तेव्हा त्याचा कुत्रा मागोमाग निघतो. त्या कुत्र्याला नाव नाही. तो कोणाला वाचवीत नाही, चमत्कार करीत नाही, चोर पकडीत नाही. तो बरोबर जातो आणि बरोबर परत येतो. एवढ्यासाठी त्याची नोंद झाली. ठराव बहुमताने मंजूर झाला. खजिनदारांनी आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावला आणि सही केली.

ती दोघे आली त्या दिवशी धर्मशिक्षणाच्या मुलांनी चिठ्ठ्या टाकून नावे ठेविली. तांबूस कुत्रीचा रंग वसईच्या सुक्या केळ्याचा, म्हणून ती ‘सुकेळी’. काळ्याच्या गळ्यातील पांढरा पट्टा पाहून एका वेदीसेवकाने त्याला सेमिनरीतील विद्यार्थ्यांची पदवी बहाल केली, ‘ब्रदर’. एक-दोघा ज्येष्ठांना हे रुचले नाही; परंतु मुलांनी ठेवलेले नाव खोडणे कोणालाच जमले नाही. मध्यंतरी सेमिनरीतील दोन खरेखुरे ब्रदर सुट्टीत भेटीस आले असता मावशींनी अंगणात “ब्रदर, जेवायला चला” अशी हाक दिली आणि तिघेही धावले.

पहिला महिना कठीण गेला. हे लिहिताना आम्ही काही लपवू इच्छित नाही, कारण दोन तरुण कुत्री आणण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने पूर्ण चित्र पाहिले पाहिजे. त्यांनी घंटेचा दोर कुरतडला. धर्मभगिनींनी कॉन्व्हेंटच्या दारात लावलेली मोगऱ्याची रोपे एका दुपारी उकरून काढली. भाजीवाल्याच्या सायकलीमागे धावणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. वेदीसेवकांच्या चपला दफनभूमीच्या चार कोपऱ्यांत सापडू लागल्या. एकाला रागे भरावे तर दुसरे मध्ये येऊन शेपूट हलवी. दोन कुत्री एकमेकांत रमलेली असली की माणसाचे शब्द त्यांच्या कानांवरून जातात, हा त्या जोडीचा दोष म्हणा, गुण म्हणा.

उपाय त्या विद्यार्थिनीने सांगितला. दोघांना एकत्र ठेवावे, पण शिकवावे वेगवेगळे. रोज दहा मिनिटे एकाला चिंचेखाली, दहा मिनिटे दुसऱ्याला ओट्यावर, बस, थांब, ये, एवढेच तीन धडे. जेवणाची भांडी दोन टोकांना. आणि दमछाक होईल इतके धावणे, सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग निववते. म्हणून उन्हाळ्यात धावणे सूर्य वर येण्याआधी. आम्ही पहाटे पाचला उठून सहाच्या मिस्सेपूर्वी त्यांना मैदानावर नेऊ लागलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दोन दोऱ्या दोन दिशांना ओढीत असतील तर त्याचे काय होते, याची कल्पना वाचकांनी करावी. हे एकट्याचे काम नव्हे, हे दिसतच होते. म्हणून पाळ्या लावल्या. तीन सकाळी फुटबॉल खेळणारी मुले, दोन सकाळी आम्ही, दोन सकाळी त्या विद्यार्थिनीचे वडील, जेवण मावशींकडे, आंघोळ महिन्यातून एकदा युवक संघाकडे. खजिनदारांचा नातूही फुटबॉलच्या मुलांत होता. हळूहळू चपला जागेवर राहू लागल्या. भाजीवाला फाटकापाशी थांबून दोघांना गाजराचा तुकडा देऊ लागला.

मावशींना आम्ही एक यादी भिंतीवर लावून दिली आहे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषासमान; शिजवलेल्या कोंबडीचे हाडही द्यावयाचे नाही, कारण ते टोकदार तुकडे होऊन आतडी फाडते. नाताळात घरोघरचा केक येतो, तो मनुकांनी भरलेला. प्रेमाने दिलेला तो तुकडा त्यांच्या जिवावर बेतू शकतो, हे मुलांना दरवर्षी सांगावे लागते. सणाच्या फटाक्यांच्या वेळी दोघे आमच्या खोलीत पलंगाखाली एकमेकांना बिलगून पडतात. आणि दुपारी बाराला आंजेलुसची घंटा झाली की दोघे मान वर करून एका सुरात रडगाणे गातात. सुरुवातीला लोक हसत. आता घंटा ऐकू न आलेले वाडीतले लोक त्या सुरावर काम थांबवितात, असे आमच्या कानावर आले आहे.

या सुमारास एक वयोवृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळी निवासाच्या ओट्यावर येऊन बसू लागले. पुढील हकीकत त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहोत. वय एक्क्याऐंशी, विवाहाला छप्पन्न वर्षे झालेली. दोन मुलगे. थोरला वाडीतल्या जुन्या घरात, धाकटा स्टेशनजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिला दवाखाना जवळ हवा, लिफ्ट हवी, म्हणून धाकट्याने तिला नेले. वडील थोरल्याकडे राहिले. पुढे तेच कायम झाले. प्रत्येकाकडे एक. कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. दोन्ही मुलगे आपापल्या परीने करीत होते. आईला ऐकू कमी येते, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. वडिलांच्या गुडघ्यांना रिक्षाचा प्रवास सोसत नव्हता. रविवारच्या मिस्सेला धाकटा आईला घेऊन येई. तासभर दोघे तिसऱ्या बाकावर शेजारी बसत. मग एक गाडी स्टेशनकडे जाई आणि एक छत्री वाडीकडे.

काका काही बोलत नसत. सोनचाफ्याची चार फुले ओंजळीत घेऊन बसत आणि चिंचेखाली एकमेकांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या त्या दोघांकडे पाहत. एके दिवशी त्यांनी विचारले, “फादर, मंडळानं एकच कुत्रा आणायचं ठरवलं होतं ना?”

“होय काका. पण तिकडचा नियमच होता. दोघं एकत्र घ्या, नाहीतर एकही नाही. वेगळी केली तर खात-पीत नाहीत.”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग काठी उचलीत म्हणाले, “बरं आहे. कुत्र्यांसाठी तरी कोणी नियम केला.”

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्याच्या घरात धर्मगुरूने कुठवर पाऊल टाकावे, याला मर्यादा असते. प्रवचनात हा विषय काढला असता तर तिसऱ्या बाकाकडे साऱ्या चर्चच्या माना वळल्या असत्या. आठवड्याने थोरला मुलगा आजोबांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा लिहून देण्यास आला. आम्ही त्याला ओट्यावर बसविले, चहा सांगितला, आणि ब्रदर व सुकेळी यांची हकीकत सांगितली. ते सहा दिवस, ते नऊ दिवस, तांबड्या शाईचा तो शब्द. त्याने कप खाली ठेवला.

“फादर, तुम्ही बाबांविषयी बोलताय.”

“आम्ही कुत्र्यांविषयीच बोललो, बाळा. बाबांविषयी तू बोललास.”

पुढल्या रविवारी दोघे भाऊ आपापल्या पत्नीसह कचेरीत आले. अडचणी खऱ्या होत्या. धाकट्याच्या घरात दोनच खोल्या. वाडीतल्या घराचे न्हाणीघर आणि शौचालय बाहेर, पावसाळ्यात अंगणभर चिखल. म्हाताऱ्या माणसांचा खरा भार सुनांवर पडतो, हे पुरुषांच्या बोलण्यात येत नाही. म्हणून आम्ही प्रथम त्या दोघींना बोलावयास सांगितले. थोरली सून म्हणाली, “फादर, मला एकटे बाबा सांभाळणंच जड जातं. दिवसभर दाराकडे बघत बसतात. जेवले का, विचारलं तरी उत्तर नाही. दोघं असली की एकमेकांना विचारतील, एकमेकांवर चिडतील. माझं अर्धं काम तीच करतील.” हे ऐकून आम्हांस आमचा अंगणातला अनुभव आठवला. एकटा कुत्रा दिवसभर माणसाच्या पायांत घोटाळतो. दोघे असली की एकमेकांना गुंतवून ठेवतात. खजिनदारांच्या हिशेबात एक आणि एक मिळून खर्च दुप्पट होत होता, तो बरोबरच होता. पण सोबतीचा हिशेब त्या वहीत बसणारा नव्हता.

निर्णय त्या चौघांनीच घेतला. वाडीतल्या घरात आतल्या बाजूस न्हाणीघर आणि कमोड बांधावयाचा, खर्च दोघांनी निम्मा-निम्मा. पावसाळ्याचे चार महिने आईवडील दोघेही धाकट्याकडे, उरलेले आठ महिने दोघेही थोरल्याकडे, आणि त्या आठ महिन्यांच्या औषधांचा भार धाकट्याने उचलावयाचा. माणसांची वाटणी मोडली आणि महिन्यांची झाली. वाटणी करावयाची तर ती अशी करावी: कामाची, खर्चाची, पाळ्यांची, दिवसांची. भार वाटून घ्यावा. जे दोन जीव एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, त्यांच्या मधोमध रेघ ओढू नये. आमच्या अंगणात दोन कुत्री टिकली ती सात-आठ घरांनी पाळ्या वाटून घेतल्या म्हणून. त्या घरातही तोच उपाय कामी आला. प्रभू येशूने शिष्यांना प्रथम पाठविले तेदेखील दोघे-दोघे करून, हे संत मार्कने लिहून ठेवले आहे.

काका आता रोज ओट्यावर येत नाहीत. त्यांना वेळ नसतो. रविवारी मिस्सेनंतर दोघे येतात तेव्हा काकींना कुत्र्यांची भीती वाटते, म्हणून त्या दूर खुर्चीवर बसतात आणि काकांना तिथूनच ओरडून सांगतात की, हात धुतल्याशिवाय गाडीत बसायचे नाही.

लोक आम्हांला विचारतात की, चोऱ्या थांबल्या का? तोट्या जागेवर आहेत. मात्र दुसऱ्या चोरीनंतर आम्ही पितळेऐवजी प्लास्टिकच्या तोट्या बसविल्या, हेही सांगावयास हवे. त्यामुळे श्रेय कोणाचे, याचा निवाडा वाचकांनी करावा. ज्यांच्या घरी अंगण आहे, ज्यांची मुले पहाटे उठण्यास तयार आहेत, त्यांनी विकतचे पिल्लू शोधण्यापूर्वी एकदा जवळच्या निवारा केंद्रात जाऊन यावे. अंगण नसेल, वेळ नसेल, तर जोडीच्या वाटेला जाऊ नये. दयेच्या भरात दोन कुत्री आणून महिन्याने परत नेऊन सोडणे ही त्यांच्यावर दुसऱ्यांदा आणलेली आपत्ती आहे. आणि दोघे कधी काळी एकत्र राहिलेली आहेत का, एकमेकांवाचून खातात का, हे तेथील माणसांना विचारल्याखेरीज एकाकडे बोट दाखवू नये.

एक प्रश्न उरला होता. धर्मगुरूची बदली होते. सहा-सात वर्षांनी पत्र येते आणि आम्ही पेटी भरतो. मागे काय राहते आणि बरोबर काय येते हे आमच्या हाती नसते. तेव्हा या दोघांचे काय, हा विषय आम्ही स्वतःच अलीकडच्या बैठकीत मंडळापुढे ठेविला. थोडी चर्चा झाली. मग खजिनदारांनी वही मिटली आणि ठराव मांडला: नव्या प्रमुख धर्मगुरूंची संमती असल्यास ब्रदर आणि सुकेळी यांनी याच आवारात राहावे, नसल्यास त्यांना धर्मग्रामातील एकाच घरी द्यावे, कोणत्याही परिस्थितीत त्यांना वेगळे करू नये. शेवटच्या वाक्याखाली इतिवृत्तात तांबड्या शाईने रेघ ओढावी, अशी सूचनाही त्यांनीच केली. ठराव एकमताने संमत झाला.